गिअर ऑइल कधी बदलायचं?

आमच्या वडूजमध्ये इंजिन ऑइल बहुतेक जण आठवणीने बदलतात. गिअर ऑइलचं नाव मात्र गिअर अडकायला लागल्यावरच निघतं. इंजिनाचं काळं पडलेलं तेल डिपस्टिकवर दिसतं. साध्या गिअरच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते, म्हणून ते विसरलं जातं.

हे तेल इंजिनातल्यासारखं जळत नाही. पण दात्यांच्या घर्षणातून सुटणारी धातूची भुकटी त्यात साठते आणि उष्णतेने त्याचा कस कमी होतो. ऑटोमॅटिक गाडीत तर तेलाच्या दाबावरच गिअर बदलतात; तेल खराब झालं की गाडी झटके देते, इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही.

अम्मीला तपासणीसाठी साताऱ्याला न्यायचं म्हणजे वाटेत वर्धनगडचा घाट. चढावर गिअर पडला नाही, मागे उसाचा ट्रक असला, तर काय करणार? म्हणून तेल बदललं की मी किलोमीटर वहीत लिहून ठेवतो.

मुदत आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात, तेच पाळा. घाट आणि ओझं रोजचं असेल तर मुदतीआधी बदला. जुनी गाडी घेताना शेवटचं कधी बदललं हे विचारा. छोट्या गाडीला दोन-अडीच लिटर तेल पुरतं. गिअरबॉक्स उघडायचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.