डॅशबोर्डामागची टकटक

सुट्टीत मी अण्णांबरोबर गॅरेजात जातो. गेल्या मे महिन्यात एक मोटार आली. एसी लावला की डॅशबोर्डामागे टकटक होई आणि वारा गरम येई. गिऱ्हाईक म्हणाले, "गॅस संपलाय, भरून टाका." जूनची माझी फी डोक्यावर होती. गॅस भरला असता तर चार पैसे सुटले असते. मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी मुकाट्याने गेज लावला. गॅस पुरेसा होता!

"तुझा हात बारीक आहे, तूच घाल," अण्णा म्हणाले. ग्लव्ह बॉक्स काढून मी आत चाचपले. गरम-थंड हवेची झडप फिरवणारी ती ॲक्ट्युएटर मोटर मुठीएवढीच होती. आतल्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दोन दात तुटले होते. मोटर फिरे, चाक घसरे, झडप मात्र गरमवरच अडकलेली. तीन स्क्रू काढून नवी मोटर बसवली. टकटक थांबली, गार वारा आला.

अण्णांना लिहिता येत नाही; बिल मीच लिहितो. "एक मोटर आणि मजुरी. बस्स," त्यांनी सांगितले. माझी लेखणी क्षणभर थबकली. मग तेवढेच लिहिले.