कपातीचा मान

काटकसरीवर बोलण्याचा अधिकार आपल्या समाजात बहुधा त्यालाच प्राप्त होतो, ज्याच्या पदरी खर्च करून उरण्याइतके द्रव्य असते. आणि तो उपदेश श्रवण करण्याची पाळी मात्र त्याच्यावर येते, ज्याच्या रोजकीर्दीत वजा करण्याजोगी बाब दिवा लावून शोधावी लागते. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण लहानपणी ज्याच्या कानी पडली नाही असा मराठी माणूस विरळा; परंतु एकाच अंथरुणावर जेव्हा घरातील पाच-सहा माणसे निजतात, तेव्हा पाय नेमके कोणी आखडून घ्यायचे याविषयी ती म्हण काहीच सांगत नाही, आणि तिच्या या मौनाचा फायदा घेऊन, जे पाय सर्वांत लहान तेच आखडायला लावण्याचा शिरस्ता आपण पिढ्यानपिढ्या चालवीत आलो आहोत. खर्च किती कमी करावा हा प्रश्न त्रैराशिकाने सुटतो. तो प्रथम कोणी आपल्या अंगावर घ्यावा, या प्रश्नाला मात्र गणित पुरत नाही. तेथे न्यायबुद्धी लागते.

गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी हे विशेष स्पष्ट दिसते, कारण या भागातील पुष्कळ घरांत लक्ष्मी दोन निरनिराळ्या वाटांनी येते. वेदगंगेच्या काठच्या मळ्यांतील ऊस बिद्रीच्या किंवा दुसऱ्या एखाद्या कारखान्याला जातो, त्याचे बिल ठोक रकमेने जमा होते, विकास सोसायटीच्या पीककर्जाची वसुली परभारे वळती होते, आणि मग जी शिल्लक राहते ती, सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्या घरच्या कारभाऱ्याच्या हाती पडते. दुसरी वाट गोठ्यातून निघते. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीच्या दारात उभे राहायचे, लिटर, फॅट आणि दर यांचा मेळ चिठ्ठीवर पाहून घ्यायचा, आणि दर दहा दिवसांनी पशुखाद्याचे पैसे कापून उरलेले बिल पदरात पाडून घ्यायचे, हा क्रम बहुतांशी बायकांच्या कष्टांवर चालतो. ऊसबिल आले म्हणजे घरात मनसुबे रचले जातात, सोयरीक, स्लॅब, मोटारसायकल यांच्या गोष्टी निघतात. दूधबिल आले म्हणजे मीठ-मिरची, वह्या, औषध आणि एसटीचा पास यांची देणी गुपचूप भागतात. पहिल्या पैशाला प्रतिष्ठा असते, दुसऱ्याला नुसती कामे असतात. आणि तरीही ओढाताणीचा महिना उजाडला की काटछाटीची कात्री प्रथम वळते ती दूधबिलाच्या दिशेने.

आमच्या नात्यातील एका घरी पावसाळ्याच्या तोंडावर असाच अंदाजपत्रकाचा दरबार भरला होता. शाळा सुरू व्हायच्या होत्या, खते-बियाणे भरायची होती, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर होता. घरधन्याने पाठकोऱ्या कागदावर सर्व खर्चाची तेरीज मांडली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि घरात पिण्यासाठी राखून ठेवले जाणारे लिटरभर दूधही उद्यापासून डेअरीला घालावे, असे फर्मान काढले. वहिनी चुलीपुढे भाकरी थापीत होत्या. परातीतला हात न थांबवता त्या म्हणाल्या, “अहो, पोरांच्या कपातलं दूध काढायच्या आधी तुमच्या पानपट्टीचं आणि चौकातल्या चहाचं तेवढं मांडा की त्या कागदावर. ते कुठं दिसंना मला.” घरधन्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. ती बाब खरोखरच कोठे नव्हती. ती लपवलेली होती असे मुळीच नाही; ती त्यांना खर्च म्हणून दिसलीच नव्हती. लेखणी ज्याच्या हातात असते त्याचा स्वतःचा व्यय हिशेबात स्वतंत्र बाब होऊन कधी येत नाही. तो ‘किरकोळ’ या उदार सदराखाली निर्वेध नांदत असतो, आणि महिन्याअखेरीस जमाखर्च जुळला नाही म्हणजे उधळपट्टीचा आरोप मात्र साबणाच्या वडीवर आणि मुलीच्या शिकवणीवर येतो.

एका घरात जे घडते तेच राज्यकारभाराच्या प्रचंड दप्तरातही घडत आलेले आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जरोखे जाळले, आणि ते लोण दख्खनच्या इतर गावांत पसरले. कुणबी कर्जबाजारी का होतो, या प्रश्नाचे एक तयार उत्तर तत्कालीन साहेबलोकांपाशी आणि आपल्याकडील शहाण्यांपाशीही होते: तो लग्नकार्यात पैसा उधळतो, ऋण काढून सण करतो. या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने जी समिती नेमली, तिने मात्र हे उत्तर तपासून पाहिले, आणि लग्नसमारंभांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, कर्जाचा मूळ गाभा त्या खर्चात क्वचितच सापडतो, असा अभिप्राय नोंदवला. नापिकी, चढता शेतसारा, सावकाराचे व्याज आणि त्या व्याजाच्या पाठीशी उभी राहणारी कोर्टकचेरी ही कारणे ज्यांच्या अखत्यारीतील होती, त्यांना रयतेच्या मांडवातील जेवणावळी मोजणे अधिक सोयीचे वाटत असे, यात नवल नाही. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. गरिबाच्या खर्चाची झाडती घेण्यापूर्वी त्याच्या जमेची बाजू कोणी कुरतडली हे पाहावे, एवढा बोध त्या जुन्या अहवालातून आजही घेता येण्याजोगा आहे.

याचा अर्थ आपल्या घरांत फाजील खर्च होतच नाही, असा कोणी करू नये. तो होतो, आणि डोळ्यांदेखत होतो. आमच्याकडील कोणत्याही जुन्या घराची ट्रंक उघडून पाहावी. तळाशी खणांची चळत असते. दुकानाची चिकटपट्टी जशीच्या तशी, घडीवर काळाची पिवळी रेघ उमटलेली, आणि एखाद्या खणाच्या कोपऱ्यावर मागील कार्यातील हळदीकुंकवाचे बोट. बाजूला मानाचे टॉवेल आणि पांढऱ्या टोप्या, ज्यांतील एकही टोपी घरातील कोणाच्या डोक्याला बसत नाही. या वस्तू वापरण्यासाठी कोणी घेतलेल्या नसतात आणि वापरल्या जाव्यात अशी देणाऱ्याचीही अपेक्षा नसते. त्या एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरत राहतात, एखादे वेळी मूळ धन्याकडेच परत येतात, आणि प्रत्येक फेरीत कोणा ना कोणाला नवी भर घालावी लागते. हे निरर्थक आहे हे देणाऱ्याला कळते, घेणाऱ्यालाही कळते, आणि तरीही प्रथा चालू राहते, कारण ती बंद करणारा पहिला मनुष्य कंजूष ठरतो, आणि त्यातही तो गरीब असला तर ‘ऐपत नाही म्हणून तत्त्व सांगतो’ असा शेरा त्याच्या माथी बसतो. मानपानाची चाल म्हणूनच मानकऱ्यानेच मोडावी लागते. ज्याला फेटा बांधण्यासाठी चारचौघे पुढे येतात, त्याने ‘मला फेटा नको, आणि माझ्या घरच्या कार्यात कोणालाही आहेर नाही’ असे एकदा सांगितले, की त्याच्यामागच्या शंभर घरांना अब्रू राखून हात आखडता येतो. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 च्या डिसेंबरात अत्यल्प खर्चाचा, पुरोहितावाचून विवाह लावून दाखवला, त्यात धर्मविचाराइतकाच हा अर्थविचारही होता: ज्याला खर्च झेपत नाही त्याच्यासाठी प्रतिष्ठेचा एक स्वस्त आणि स्वच्छ मार्ग कोणीतरी आधी चालून दाखवला पाहिजे.

आमच्या कोल्हापूरच्या गादीच्या इतिहासात काटकसरीचा एक फार सुंदर पाठ आहे, तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. 1715 च्या सुमारास सिद्ध झालेल्या या राजनीतीच्या ग्रंथात दुर्गांच्या व्यवस्थेविषयी लिहिताना अमात्य इतक्या बारीक तपशिलात शिरतात की, वाचणाऱ्याला एखाद्या दक्ष गृहिणीचे स्मरण व्हावे. गडावरील केर गडाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा, आणि त्याची राख परसात घालून तिच्यावर घरोघर भाजी पिकवावी. पाणी अतिशय जपून राखावे. कोठारात उंदीर, वाळवी शिरणार नाही अशी भुई करावी. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे वृक्ष वाढवावेत, कारण वेळ आली म्हणजे त्यांचे लाकूडही कामास येते. गारगोटीच्या शेजारी भुदरगड उभा आहे. त्याच्या माथ्यावर धान्याचे एकेक पोते चढवताना माणसांना काय पडत असेल याची कल्पना केली, म्हणजे या सूचनांतील शहाणपण पटते. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की, हे सर्व नियम राज्यकर्त्यांना आणि त्यांच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहेत. काटकसर कारभाऱ्याने शिकायची असते, अशी त्या काळची समजूत होती. ती रयतेला शिकवायची विद्या आहे, हा शोध नंतरचा.

कारभारी ती शिकला म्हणजे काय घडते, याचे उदाहरण शोधायला आम्हाला दूर जावे लागत नाही. शेजारच्या कागलमध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांचे बालपण गेले. वडील वारले तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्या पंधरांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. उरलेल्या सातांत सगळे घर. इकडे विद्यार्थी गोपाळाची अशी स्थिती की, एका मित्राने नाटकाला नेऊन मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले, तेव्हा ती रक्कम भरून काढण्यासाठी त्याने घरी दिवा न लावता रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला, असे चरित्रकार सांगतात. पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपेना, त्या वेळी भावजयीने आपले दागिने पुढे केल्याचीही हकीकत आहे. या कुटुंबाच्या अंदाजपत्रकात निम्म्याहून अधिक रक्कम अशा माणसावर खर्च होत होती, ज्याच्याकडून तत्काळ एक पैही परत यायची नव्हती. व्यवहारी शेजाऱ्याने त्याला उधळपट्टीच म्हटले असते. ती उधळपट्टी ठरली नाही याचे कारण, कपात ज्यांनी ठरवली त्यांनीच ती सोसली. मात्र थोरल्या बंधूंचे नाव इतिहासाने जपून ठेवले, आणि सात रुपयांत महिना निभावून वर दागिने पुढे करणाऱ्या त्या वहिनींची ओळख बहुतेक ठिकाणी केवळ नात्याने सांगितली जाते, एवढी बाकी आपल्या खाती निघतेच.

हे बाळकडू घेतलेल्या गोखल्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून पंचाहत्तर रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले, आणि 1902 च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात सरकारच्या अंदाजपत्रकावर ते जेव्हा बोलायला उभे राहिले, तेव्हा खजिन्यात शिल्लक पडली आहे म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या सरकारला त्यांनी सप्रमाण दाखवून दिले की, प्रजेची हलाखी कायम असताना उरलेली शिल्लक ही भरभराटीची खूण नव्हे, ती जादा करवसुलीची खूण आहे. लष्करावरील खर्च आवरा आणि मिठावरील कर उतरवा, ही त्यांची मागणी. आणि पुढच्याच वर्षी तो कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. कपात वरून करा आणि सवलत खाली द्या, हे सांगण्याचा अधिकार त्यांना होता, कारण स्वतःच्या खर्चाला त्यांनी कात्री फार पूर्वीच लावली होती.

आणि खुद्द गारगोटीत हा धडा आम्हाला जे. पी. नाईकांनी दिला. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे 1907 साली जन्मलेल्या या शिक्षणतज्ज्ञाने गारगोटीत मौनी विद्यापीठाची उभारणी केली, आणि बालवर्गापासून उच्च ग्रामीण शिक्षणापर्यंतची सोय एका आडवळणाच्या गावी आणून ठेवली. केंद्र शासनाचे शिक्षणविषयक सल्लागार म्हणून त्यांनी दिल्लीत काम केले ते नाममात्र एक रुपया वेतन घेऊन. परंतु हेच नाईक 1964 ते 1966 या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि त्या आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट देशापुढे ठेवले. स्वतःसाठी एक रुपया आणि मुलांसाठी राष्ट्राच्या उत्पन्नातील सहा टक्के, यांत जो विसंवाद पाहील त्याला काटकसर कळलीच नाही असे म्हणावे लागेल. मुलांच्या वाटच्या खर्चाला हात लागू नये, म्हणूनच स्वतःच्या वाटचा इतक्या कठोरपणे आवरायचा असतो. शाळा अर्ध्यावर सोडून जाणारे मूल हा सर्वांत मोठा अपव्यय, हा विचार त्या पिढीच्या शिक्षणतज्ज्ञांनी वारंवार मांडला. मुलीची फी वाचवून घर सावरू पाहणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने तो आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण अर्ध्यावर थांबवलेला खर्च वाचत नाही, आधी झालेलाही वाया जातो.

तेव्हा ज्यांना आपल्या घरचा खर्च खरोखर आवरायचा आहे, त्यांना नव्या युक्त्यांची फारशी गरज नाही. मोबाइलवरचे हप्ते, वाढदिवसाचे फलक आणि न वापरायच्या वस्तूंची खरेदी या बाबी ज्याच्या त्याला ठाऊक असतात. गरज आहे ती क्रमाची. प्रथम ज्या बाबींना कोणत्याही परिस्थितीत हात लागणार नाही, त्या सर्वांसमक्ष लिहून काढाव्यात: मुलांचे दूध, शिक्षण, म्हाताऱ्यांचे औषध, आणि घरच्या बाईच्या हातातील थोडी तरी बिनहिशेबी रक्कम. त्यानंतर ‘किरकोळ’ हे सदर कायमचे रद्द करून प्रत्येक बाब तिच्या धन्याच्या नावे मांडावी. आणि मंजुरी देण्याचा अधिकार घरात ज्याच्याकडे असेल, त्याने आपली बाब सर्वांत आधी मोठ्याने वाचून दाखवावी. लग्नात, पंगतीत, मिरवणुकीत पहिला मान घेण्याची ज्याला सवय आहे, त्याला कपातीतही पहिला मान घेणे जड जाऊ नये. एवढा एक शिरस्ता पडला, तर पुष्कळ घरांचे अंदाजपत्रक दुसऱ्या बाबीपर्यंत जाण्याआधीच जुळेल, असा माझा अजमास आहे.