पहाट कुणाच्या ताब्यात?

आमच्या पिढीच्या शौकिनाचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. क्रिकेट दिवसा, राजकारण संध्याकाळी मैदानावर आणि गाणं रात्री. कसोटी सामना सकाळी सुरू झाला की कचेरीत कुणाच्या तरी ड्रॉवरमधला ट्रान्झिस्टर बोलू लागायचा आणि बाळ ज. पंडितांचा आवाज आला की साहेबसुद्धा एखादी फाईल घेऊन त्याच टेबलाशी घुटमळायचे. आता या तिन्ही गोष्टींची घड्याळं बदलली आहेत. (घड्याळ म्हटल्यावर लगेच पक्ष आठवू नका. तिकडेही जायचंच आहे.)

गाण्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त हललं ते तिथेच. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा. आधी रेणुका स्वरूप शाळेचं मैदान, मग रमणबाग. जेवणं उरकून शाल, थर्मास, सतरंजी घेऊन निघायचं आणि उजाडल्यावर परतायचं. मध्यरात्रीनंतर दरबारी, मालकंस, मग ललित, आणि आकाश फटफटलं की भैरव. अधेमधे लोक चक्क झोपायचे. "भीमसेन बसले की उठव रे," असं शेजाऱ्याला सांगून घोरणारे कितीतरी जण पाहिलेत. त्यांना रसिक म्हणायचं की नाही, यावर चहाच्या स्टॉलवर वाद व्हायचे. माझं मत विचाराल तर म्हणावं. समेवर बरोबर जागे व्हायचे!

मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, आणि फार तर वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. नियम योग्यच आहे. मैदानाशेजारी घर असणाऱ्यांना, त्यांच्या घरातल्या आजाऱ्यांना विचारा. पण त्यामुळे रात्रींचे दिवस झाले. आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भर दुपारी तंबोरे जुळतात. याचा फायदाही झाला, तो मान्य करायला हवा. रात्रीच्या मैफलींत भीमपलास, मुलतानी, मधुवंती कुणाच्या वाट्याला यायचे? आता येतात, आणि सत्तरीची माणसं ऐकून वेळेत घरी परततात. पोरके झाले ते ललित आणि भैरव. भीमसेन २०११ला गेले. त्यांच्यानंतर महोत्सवाची सांगता करणाऱ्या प्रभाताई अत्रेही जानेवारी २०२४मध्ये गेल्या. पहाट तर त्याआधीच गेली होती.

गाण्याने सोडलेली रात्र क्रिकेटने उचलली. वानखेडेवर प्रकाशझोतात भारत-ऑस्ट्रेलिया सामना पाहिला तो १९९६च्या विश्वचषकात. सचिन नव्वदवर मार्क वॉच्या वाइड चेंडूवर यष्टिचीत झाला आणि सामना हातून गेला, तरी त्या झगझगीत हिरवळीचं अप्रूप काही दिवस उतरलं नाही. आता आयपीएलचा चेंडू संध्याकाळी साडेसातला पडतो आणि अकरा वाजून गेले तरी तीसेक हजार लोक ओरडत असतात. ख्याल दहाला थांबतो, षटकार थांबत नाही. माणसाच्या गळ्याला डेसिबलचं बंधन घालणारा नियम अजून निघालेला नाही.

कुरकुर करतोय, पण २ नोव्हेंबर २०२५ची रात्र मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर पावसामुळे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने मागे धावत जाऊन तो झेल घेतला. दक्षिण आफ्रिका ५२ धावांनी हरली. त्याआधी उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमाने नाबाद १२७ काढून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं होतं. डायना एडलजी, आमच्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी खेळत होत्या तेव्हा त्यांचा धावफलक शोधायला वर्तमानपत्राचा कोपरान् कोपरा धुंडाळावा लागे. 'तेव्हाचं तेच खरं' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

क्रिकेटची पहाट तेवढी शाबूत आहे, कारण ती ऑस्ट्रेलियात ठरते. १९८१मध्ये कपिलने मेलबर्नला पाच बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला, ते पांघरुणात रेडिओ घेऊन ऐकलं. रहाणेच्या संघाने जानेवारी २०२१मध्ये ब्रिस्बेन जिंकलं, तेव्हाही रोज पहाटेच उठलो. पांघरूण तेच, रेडिओच्या जागी फोन.

आता राजकारण. पूर्वी मतपत्रिकांची मोजणी रात्रंदिवस चालायची. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर फळे लागायचे. १९७७ला रायबरेलीचा निकाल ऐकायला लोक रात्रभर जागले. पुढे दूरदर्शन निकालांच्या मधे मधे सिनेमे दाखवू लागलं, आणि नायिकेचं लग्न ऐन रंगात आलेलं असताना कुणीतरी आघाडी घेतल्याचं कळायचं. २०२४च्या विधानसभेला जेवायच्या वेळेपर्यंत सगळं समजलं होतं. निकालाची रात्र संपली.

बदल्यात राजकारणाने पहाट घेतली. २३ नोव्हेंबर २०१९ला पावणेसहाच्या सुमारास राष्ट्रपती राजवट उठली आणि फडणवीस-अजितदादांचा शपथविधी झाला. शपथ प्रत्यक्षात आठच्या आसपास झाली, म्हणजे तोडीची वेळ जवळ आली होती. तरी महाराष्ट्राने त्याला 'पहाटेचा शपथविधी' हेच नाव दिलं. ते सरकार ऐंशी तासांच्या आसपास टिकलं. उरलीसुरली पहाट दिवाळीत असते, पण महापालिका निवडणूक तोंडावर असली की 'दिवाळी पहाट'च्या फलकावर गायकाचा फोटो लहान आणि इच्छुकाचा मोठा. सत्कार उरकेपर्यंत ऊन वर येतं. मग भूपाळीला काय अर्थ?

संगीत मंडळांना एकच विनंती आहे. दहाचा तो नियम उघड्या मैदानाला आहे, बंद सभागृहाला त्यात सवलत आहे. वर्षातून एक रात्र एखादं नाट्यगृह घ्या, दहाला सुरू करा आणि सकाळी सहाला भैरवीने संपवा. झोपणाऱ्यांनाही येऊ द्या. पुढाऱ्यांचे सत्कार मात्र नकोत.