वारस दाखल

लघुवाद न्यायालयाच्या दप्तरात तीसेक वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला लांबणीचे कौतुक नसावे, हे स्वाभाविकच म्हणायचे. कारण घरमालक आणि भाडेकरू यांच्या ज्या दाव्यांचे रोजनामे आम्ही लिहीत असू, त्यांतले काही आमच्या नोकरीहून वयाने वडील होते, आणि आजोबांनी लावलेल्या दाव्यात नातू साक्षीला उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. त्यामुळे धोबीतलावाहून चालत गिरगावातल्या चाळीत परतावे आणि दिवेलागणीला आई ‘चार दिवस सासूचे’ लावून बसलेली दिसावी, की मी काहीशा तुच्छतेने विचारी, ‘‘काय आई, आज निकाल, की पुढची तारीख?’’ तिचे उत्तर ठरलेले असे : ‘‘आधी हातपाय धू.’’

मालिकांशी आमच्या चाळीचा परिचय तसा जुना. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढे चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच बिऱ्हाडात संच होता आणि त्यांच्या उंबऱ्याशी चपलांचा खच पडे. पण ते आठवड्याचे पाहुणे होते. रोजची वहिवाट पडली ती ‘दामिनी’ने आणि त्यानंतर १९९९ च्या ‘आभाळमाये’ने, आणि २००१ च्या नोव्हेंबरात ई टीव्ही मराठीवर सुरू झालेल्या या सासूने तर अकरा वर्षे आणि ३,००० हून अधिक भाग एवढा मुक्काम आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत केला. सासू होत्या रोहिणी हट्टंगडी आणि सून कविता लाड. ‘गांधी’तल्या कस्तुरबांना दागिन्यांनी मढलेल्या पाहणे मला प्रथम जड गेले, हे कबूल करतो.

पुढे केव्हातरी आईने लक्ष वातींचा संकल्प सोडला. मालिका लागली की ती भिंतीला टेकून बसे, दुधाच्या वाटीत बोट बुडवून कापसाची वात वळी, शंभर झाल्या की जुडी बांधून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकी आणि कालनिर्णयाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा मांडी. प्रसंग रंगला की तिची बोटे थांबत, जाहिराती लागल्या की पुन्हा चालू होत. त्यामुळे पडद्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचण्याचे सोंग करणाऱ्या मलाही कथानकाची बित्तंबातमी तिच्या हातांवरून मिळे. कारस्थानाच्या संध्याकाळी वाती जेमतेम चाळीस होत आणि एखाद्या लांबलेल्या लग्नसोहळ्यात दोनशेचा पल्ला सहज ओलांडला जाई.

२०११ च्या श्रावणात ती गेली. आकडा ६१,४०० वर थांबला होता.

पक्षकार मयत झाला तर ९० दिवसांच्या मुदतीत त्याचे वारस दाखल करावे लागतात, नाहीतर दावा बाद होतो. चौदाव्याचे गोडाचे जेवण उरकले, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी मी कोणाला काही न सांगता संच लावून भिंतीला टेकून बसलो. पत्नीने स्वयंपाकाच्या ओट्यावरून एकदा वळून पाहिले. बोलली मात्र काही नाही. तोवर मी निवृत्त झालो होतो, वेळेची ददात नव्हती; पण खरे कारण असे की, आईने दहा वर्षे ज्या मामल्यात हजेरी लावली, त्याचा फैसला ऐकायला घरातले कोणीतरी हजर असावे, असे मला वाटले.

फैसला २०१३ च्या जानेवारीत लागला. आधीच वर्तमानपत्रात वाचले होते, तरी तयारी अशी झाली नव्हती. कोणतीही मालिका संपायला आली की, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात एखादा आळशी कारकून साठलेल्या फायली भराभर निकालात काढतो, तशी तिच्यात घाई सुरू होते : वर्षानुवर्षांची वैरे चार दिवसांत विरघळतात आणि खलनायिकांना पश्चात्ताप होतो. मला याचा राग येतो; लांबवण्याचा इतका कधी येत नसे.

त्या संध्याकाळचे एक चमत्कारिक स्मरण आहे. मुंबईत केबलला सेट टॉप बॉक्सची सक्ती होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. कोणाकडे हा बॉक्स, कोणाकडे ती छत्री, आणि म्हणून एकच वाक्य आमच्या खोलीत आधी आणि शेजारच्या बिऱ्हाडात क्षणभराने उमटे. शेवटचे संगीत आमच्याकडे थांबले, तेव्हा गॅलरीच्या टोकाला ते अजून चालू होते. साहित्य संघात किंवा दादरला शिवाजी मंदिरात पडदा पडला की आपण टाळ्या वाजवतो, नटमंडळी हात जोडून समोर येतात, आणि दोन्ही बाजूंचा हिशेब चुकता होतो. इथे लगेच धुण्याच्या साबणाची जाहिरात लागली. माझे तळहात अर्धवट उचललेले होते. मी ते गुडघ्यांवर ठेवले.

‘‘संपलं?’’ पत्नीने विचारले.

‘‘निकाली,’’ मी म्हणालो.

दुसरे दिवशी संध्याकाळी समोरच्या काकू नेहमीप्रमाणे स्वतःचा पाट घेऊन उंबऱ्याशी आल्या. आज ती मालिका नाही, हे त्यांना मी सांगणार तोच त्या म्हणाल्या, ‘‘ठाऊक आहे हो, कालच रडून घेतलं. पण घरी बसून काय करू?’’ पत्नीने कुठलीशी दुसरी मालिका लावली. काकूंनी कोनाड्यातला पत्र्याचा डबा स्वतःच काढला, कापूस ओढला, दूध मागितले. दुसऱ्या जाहिरातीपर्यंत त्या गप्प होत्या. मग पडद्याकडे हनुवटी करून त्यांनी विचारले, ‘‘ही कोणाची सून गं?’’ आणि पत्नीने, जिने ती मालिका माझ्या देखत कधी पाहिली नव्हती, पहिल्या भागापासून सांगायला सुरुवात केली.