दहा बाय बाराच्या खोलीतील ध्वनी

घरातल्या ध्वनिसंचाचा जो आवाज ऐकू येतो त्यात स्पीकरइतकाच खोलीचाही वाटा असतो. स्पीकरमधून निघालेल्या ध्वनीचा एक भाग थेट कानापर्यंत येतो. उरलेला भिंती, छत आणि फरशीवर आपटून काही मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. गिलावा, विट्रिफाइड फरशी आणि खिडकीची काच यांपैकी काहीच मध्यम व उच्च कंप्रतेचा ध्वनी फारसा शोषत नाही. अशा खोलीत महागडा अ‍ॅम्प्लिफायर आणला तरी शब्द एकमेकांत मिसळतात आणि तबल्याची चाट बोचरी लागते. हौशी मंडळींचा पैसा मात्र आधी केबलवर जातो.

या विषयाचा शास्त्रीय पाया वॉलेस सॅबिन यांनी घातला. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह सुधारण्याचे काम या तरुण प्राध्यापकाकडे आले. तेथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला लागणारा वेळ, म्हणजे निनादकाल, मोजायचा, असे त्यांचे प्रयोग चालत. निनादकाल म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले एकूण शोषण, हे सूत्र त्यातून निघाले. ध्वनिशोषणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप गाद्यांवर झाले, ही गोष्ट कमी खर्चात काम करू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

प्रस्तुत लेखकाच्या पुण्यातील घरी ऐकण्याची खोली १२ बाय १० फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची आहे. तिचे घनफळ सुमारे ३२ घनमीटर, तर सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस मीटर भरते. उघड्या भिंतींचे सरासरी शोषण पाच टक्के धरले तर निनादकाल पावणेदोन सेकंदांच्या आसपास येतो. संगीत ऐकण्यासाठी तो ०.४ सेकंदाजवळ हवा. लहान खोलीत हे सूत्र अंदाजापुरतेच लागू पडते, पण किती मजल मारायची आहे ते त्यावरून कळते. त्यातली बरीचशी वाट घरातले सामानच काटते: पलंगावरची जाड गादी, चुण्या पडतील एवढे रुंद पडदे, स्पीकर आणि श्रोता यांच्यामध्ये सतरंजी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो झणझणीत पडसाद उठत असे, तो एवढ्यानेच बराच निवळला.

खर्जाचा प्रश्न वेगळा असतो. दोन समांतर भिंतींमधल्या अंतरात ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते, तो ध्वनी खोलीत साचतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला तर या खोलीत लांबीमुळे ४७, रुंदीमुळे ५७ आणि उंचीमुळे ६० हर्ट्झला असा फुगवटा येतो. शेवटचे दोन जवळजवळ एकमेकांवर बसतात, आणि खोलीचे खरे दुखणे तेच. सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटगीतांत बेस गिटारचा खालचा ‘ए’ ५५ हर्ट्झचा. तो आणि त्यालगतचे सूर या खोलीत घुमत राहत आणि बाकीचे त्यांच्याखाली दबून जात. त्याचे खापर स्पीकरवर फोडणे सोपे असते.

यावर पहिला इलाज फुकटचा आहे. खोलीच्या मधोमध बसले तर पहिला फुगवटा जवळजवळ नाहीसा होऊन तेथे खड्डा पडतो. भिंतीला पाठ टेकवून बसले तर तो सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून खुर्ची या दोहोंच्या दरम्यान हवी. स्पीकर मागच्या भिंतीपासून ६० सेंटीमीटरवर असेल तर भिंतीवरून परतणारा ध्वनी १४४ हर्ट्झच्या आसपास मूळ ध्वनीला खोडतो. अंतर बदलले की हा खड्डाही सरकतो. स्पीकर आणि खुर्ची इंच-दोन इंच सरकवत, तेच गाणे पुन्हापुन्हा लावत शोधण्याचे हे काम घरच्यांच्या सहनशीलतेवर अवलंबून असते. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा साधा मायक्रोफोन असेल तर ते लवकर आटोपते. लेखकाच्या खोलीत सर्वांत मोठा फरक याच टप्प्यावर पडला, आणि त्यासाठी काहीही विकत आणावे लागले नाही.

त्यानंतर येतात पहिल्या परावर्तनाच्या जागा. श्रोत्याने खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यावा. आरशात स्पीकर दिसला की शोषक तेथे लावायचा. सुताराकडून चार बाय दोन फुटांच्या पाइनवुडच्या चौकटी करून घेतल्या, त्यांत ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल भरला आणि वरून खादी ताणून बसवली. कापड तोंडाशी धरून फुंकर आरपार गेली तरच ते चालते. रेक्झिन किंवा जाड सोफ्याचे कापड ध्वनी परत फेकते. रॉकवूलचे तंतू त्वचेला खाजवतात, तेव्हा कापताना हातमोजे आणि मास्क हवा. चौकट भिंतीला न चिकटवता मागे दोन इंच पोकळी सोडली तर त्याच साहित्यात आणखी खालच्या कंप्रतेपर्यंत काम होते. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा न ठोकता ती पायांवर उभी करता येते.

कोपऱ्यांत फरशीपासून वरपर्यंत कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. ६० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी पावणेसहा मीटर असते. एवढ्या साहित्याने तो पूर्ण शोषला जाणे शक्य नाही. त्याच्या वरच्या पट्ट्यातले घुमणे मात्र कमी झाले आणि डग्ग्यावरचा घिस्सा सलग ऐकू येऊ लागला. उरलेला फुगवटा इक्वलायझरने थोडा उतरवला. खड्डा मात्र इक्वलायझरने भरत नाही; तेथे आवाज वाढवला की खोडणारा ध्वनीही तेवढाच वाढतो.

बाजारात टोकदार फोमचे एक इंची तुकडे फार खपतात. ते वरचे सूर शोषतात आणि खर्जाला हात लावत नाहीत; खोलीभर चिकटवले तर सतारीची झळाळी जाते आणि घुमारा तसाच राहतो. स्वस्त फोम भराभर पेटतो, हेही लक्षात घ्यावे. अंड्यांचे ट्रे तर शोषणाच्या बाबतीत निव्वळ शोभेचे. याउलट पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट चांगले. कमी-अधिक खोलीची पुस्तके ध्वनी विखुरतात. सगळ्या भिंती मऊ करण्याचा मोह आवरावा, कारण पूर्ण मुक्या खोलीत गाणे निर्जीव वाटते.

यांतल्या कशानेही शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज अडत नाही. त्यासाठी जड भिंत, दुहेरी काच आणि दाराच्या फटी बुजवणे लागते, आणि तो खर्च निराळा. राहता राहिला पावसाळा. रॉकवूलला बुरशी सहजी लागत नाही, पण वरच्या कापडाला आणि कापसाला लागते. म्हणून चौकटींमागची पोकळी मोकळी ठेवावी, खादी धुता येईल अशी हुकांनी अडकवावी आणि गाद्यांना पाऊस ओसरल्यावर ऊन द्यावे.