कळस आधी, बिअर नंतर

वेरूळचे कैलास लेणे वरून खाली कोरले. कळस आधी, पाया नंतर. ड्राफ्ट बिअरचेही तसेच. आधी फेसाचा कळस, बिअर त्याच्या पायाशी!

इंग्लंडात पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ग्लासावर मापाची अधिकृत खूण. आपल्याकडेही २००९ चा वैधमापन कायदा आहे. दूधवाल्याच्या मापावर शिक्का नसला, तर आम्ही गल्ली डोक्यावर घेतो. पण वेरूळ पाहून परतताना शहरातल्या बारमध्ये अर्धा ग्लास फेस आला, तरी गप्प! बँकेत पैशापैशाचा ताळा जुळवणारे आम्ही, फेस 'किरकोळ खर्चा'त टाकतो.

कारण तक्रार करायची, तर अर्जावर नाव-पत्ता आला. सरकारी उत्तर टपालाने घरी येणार. आणि घरचे टपाल आमची ही उघडते!