दाजींची एसएलआर आणि पुतण्याची इन्सास

मी कॉमर्सचा पदवीधर, उभी हयात बँकेत गेली. बंदुकीशी संबंध एवढाच, की शाखेच्या दारात गार्डच्या खांद्यावर बारा बोअरची असायची. पण हरणीला आमच्या घरी कित्येक वर्षं दर शनिवारी रायफलींवर वाद रंगतो. ऐकून ऐकून जे कळलं ते लिहितो.

वाद घालणारे दोघं. एक माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, वय ऐंशीच्या पुढे. दुसरा त्यांचा पुतण्या, त्याच रेजिमेंटचा हवालदार, नव्वदच्या दशकात भरती झालेला. भीडभंजन मारुतीचं दर्शन झालं की दोघं आमच्या ओट्यावर येतात. चहा येईपर्यंत तोफा सुटलेल्या असतात.

दाजींचं म्हणणं साधं. १९६२ ला आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. तिचा बोल्ट दर गोळीला हाताने मागे-पुढे करावा लागे. मग आली एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. मूळची बेल्जियमची, आपल्याकडे इशापूरला बनायची. सुटलेल्या गोळीच्या मागच्या गॅसनेच रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचं आपोआप बसतं. घोडा एकदा दाबला की एक गोळी. कॅलिबर ७.६२ मिलिमीटर, मॅगझिन वीसचं. १९७१ ला दाजींच्या हातात हीच होती. "चिखलात पडली, पुसली, परत चालली. आणि ज्याला लागली तो उठला नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुतण्या म्हणतो, "काका, ती घेऊन डोंगर चढा की!" त्याला मिळाली इन्सास. पुण्याच्या एआरडीईने आखलेली, गोळी ५.५६ ची. एकदा मी पाकिटाच्या मागे हिशेब करून दाखवला. एसएलआरचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅम, इन्सासचं १२. शंभर काडतुसं म्हणजे एकीकडे २.४ किलो, दुसरीकडे १.२. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या. पुतण्या खूश.

दाजी लगेच म्हणाले, "गोळ्या दुप्पट, पण दणका?" लहान गोळीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो, की शत्रू जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघं अडकतात. दाजी म्हणतात, हे गणित जखमींना उचलणाऱ्या फौजेपुरतं. मरायलाच आलेल्या अतिरेक्याला कोण उचलणार? काश्मिरात आपल्या जवानांची एके-४७ ला पसंती होती ती काय उगाच? इथे पुतण्या गप्प होतो, कारण तिथे त्याने स्वतःही तीच वापरली.

मग विषय येतो भरवशाचा. १९९९ च्या कारगिल लढाईत इन्सासबद्दल तक्रारी आल्या. थंडीत प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जायचे, तेल डोळ्यांत उडायचं. पुतण्या त्या वर्षी उंचावरच होता. तो फार बोलत नाही, पण एकदा म्हणाला, "मामा, तिथे गोळी लहान का मोठी हे डोक्यातही येत नाही. मॅगझिनला तडा गेला तर गोळी वर येतच नाही."

मला आमची शाखा आठवली. गार्डच्या पट्ट्यात तीच काडतुसं वर्षानुवर्षं असायची. मी नवीन मागवायची नोट पाठवली तर वरून उत्तर आलं, वापर झालेला नाही, सबब खर्चाची आवश्यकता नाही. पुढे चाचणीला पाच उडवली, त्यातली दोन फुसकी निघाली. बंदूक उत्तम होती, हं! ती दोन काडतुसं कागदाला जोडून पुन्हा नोट पाठवली, तेव्हा नवीन आली.

२०१९ मध्ये लष्कराने अमेरिकेच्या सिग ७१६ रायफली घेतल्या, ७२,४०० नग, कॅलिबर ७.६२. दाजींनी त्या दिवशी पेढे वाटले. पुढे अमेठीजवळ कोरव्याला एके-२०३ बनवायचं ठरलं, तीही ७.६२ ची. तेव्हा पुतण्याने दाखवून दिलं, की आकडा एकच असला तरी सिगच्या काडतुसाची नळी ५१ मिलिमीटर, हिची ३९. वजनाला हे काडतूस एसएलआर आणि इन्सास यांच्या मधलं. म्हणजे फौजेनेही दोघांचं थोडं थोडं ऐकलं म्हणायचं.

हल्ली मात्र वादाचा आवाज उतरलाय. पुतण्याचा मुलगा अग्निवीर भरतीची तयारी करतोय, पहाटे रिंग रोडवर धावतो. परवा दाजींनीच हळूच विचारलं, "त्याला कुठली देतील रे?" पुतण्या म्हणाला, "देतील ती. फक्त अडायला नको." दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या बँकेत एक शिस्त होती. कागद कितीही चोख असोत, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय कर्जावर सही करायची नाही. रायफलीलाही तीच लावावी असं मला वाटतं. बर्फात, चिखलात, वाळूत जो ती खांद्यावर वागवतो, त्याला विचारल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही होऊ नये. दाजी आणि पुतण्या दोघांनाही आयुष्यात कोणी विचारलं नाही, म्हणून तर आमच्या ओट्यावर बोलतात.

तुमच्या घरी कोणी फौजी असेल तर त्यांना जरूर विचारा, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा. मी दोघांनाही वाचून दाखवीन.